मांजराची एक बाहुली मोठी, एक लहान: आजारी डोळा नेमका कोणता?

मांजराच्या दोन डोळ्यांतल्या बाहुल्या कमीजास्त दिसल्या की सगळ्यांचं लक्ष मोठ्या, काळ्याभोर बाहुलीकडे जातं आणि तोच डोळा बिघडला असं आपण धरून चालतो. पुष्कळदा आजार असतो लहान बाहुलीच्या डोळ्यात. मोठी बाहुली बिचारी खोलीतल्या उजेडाप्रमाणे आपलं काम नीट करत असते. म्हणून डॉक्टरांकडे निघण्याआधी, मांजर बाकी धडधाकट असेल तर, पाच-दहा मिनिटं काढून आजारी डोळा कोणता ते ठरवावं. पुढचं निम्मं निदान त्यावरच उभं राहतं.

निरोगी बाहुली कशी वागते

भर उन्हात बाहुलीची अगदी बारीक उभी फट होते. अंधारात तीच गोल होऊन डोळ्यातलं रंगीत कडं, म्हणजे आयरिस, जवळजवळ झाकून टाकते. बाहुली आकसण्याचा हुकूम मेंदूकडून थेट डोळ्याकडे येणाऱ्या मज्जातंतूतून येतो. बाहुली उघडण्याचा हुकूम मात्र लांबच्या वाटेने येतो: मेंदूतून मानेच्या कण्यातून खाली छातीच्या वरच्या टोकापर्यंत, तिथून पुन्हा मानेतून वर, मधल्या कानाला खेटून, मग डोळ्यात. ही वाट लक्षात ठेवा. कान दुखणाऱ्या मांजराची बाहुली का बिघडते, याचं उत्तर तिच्यात आहे.

बाहुली फक्त उजेडाचं ऐकत नाही. खेळ, शिकारीचा पवित्रा, भीती, राग, वेदना यांनीही ती मोठी होते. दवाखान्यातल्या टेबलावर बहुतेक मांजरांचे डोळे काळे वटारलेले असतात ते त्यामुळेच. घरी शांतपणे काढलेला फोटो किंवा व्हिडिओ डॉक्टरांच्या कामाचा ठरतो, तो याच कारणाने.

घरची तपासणी

मांजर निवांत असताना सुरुवात करा. आधी दिवसा, खिडकीकडे तोंड असताना, फ्लॅश बंद ठेवून समोरून फोटो काढा. दोन्ही डोळ्यांवर उजेड सारखा पडायला हवा. एकाच बाजूने ऊन येत असेल तर त्या बाजूची बाहुली किंचित लहान दिसते. मांजरांत हे नॉर्मल आहे.

मग पडदे ओढा, दिवे घालवा, पाच मिनिटं थांबा. साधारण मीटरभरावरून एकदाच फ्लॅश मारून फोटो काढा. बाहुली आकसायच्या आत फोटो निघतो आणि डोळ्यामागच्या थराची चकाकी बाहुलीचा खरा आकार दाखवते. चकाकी बहुधा हिरवट-पिवळी असते. सयामी आणि इतर निळ्या डोळ्यांच्या मांजरांत ती लाल दिसते, त्याने घाबरू नका.

आता दोन्ही फोटो शेजारी ठेवा. फरक अंधारात वाढला असेल, तर लहान बाहुलीला उघडता येत नाहीये, म्हणजे लहान बाहुलीचा डोळा आजारी. फरक उजेडात वाढला असेल, तर मोठी बाहुली आकसत नाहीये, म्हणजे मोठ्या बाहुलीचा डोळा आजारी.

तिसरी पायरी टॉर्चची. अंधुक खोलीत, वीत-दीड वीत अंतरावरून, जरा बाजूने, दोन-तीन सेकंद एका डोळ्यात उजेड टाका. लेझर पॉइंटर कदापि नको. उजेड एका डोळ्यात टाकला तरी दोन्ही बाहुल्या आकसायला हव्यात. डाव्या डोळ्यात टाकल्यावर एकही बाहुली हलत नाही, पण उजव्यात टाकल्यावर दोन्ही आकसतात, तर डाव्या डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) किंवा त्यातून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस बिघडली आहे. उजेड कुठेही टाका, डावी बाहुली ढिम्म आणि उजवी चालू असेल, तर डाव्या आयरिसचा स्नायू किंवा त्याला हुकूम देणारा मज्जातंतू बिघडला आहे. मांजर भेदरलेलं असेल तर बाहुली सुस्त वाटते. थोड्या वेळाने पुन्हा बघा.

बाहुली आकसते म्हणजे मांजराला दिसतं असं मात्र नाही. मेंदूचा दृष्टीचा भाग निकामी झाला तरी बाहुली हलू शकते. उलट एखाद्या म्हाताऱ्या मांजराची बाहुली अजिबात हलत नाही आणि तरी ते माशी अचूक पकडतं. नजर वेगळी तपासायची: एक डोळा हाताने हलकेच झाकून समोर कापसाचा बोळा वरून सोडा. तो आवाज न करता पडतो, त्यामुळे मान वळली तर ती बघूनच वळली. डोळ्यासमोर हात हलवून बघण्याची पद्धत फसवी आहे, कारण हवेचा झोत मिशांना लागला तरी मांजर डोळे मिटतं. शिवाय लहान पिल्लांत ही प्रतिक्रिया तयारच झालेली नसते.

लहान बाहुली आजारी असेल तर

डोळा दुखतोय का, हा पहिला प्रश्न. मांजर रडत-ओरडत नाही. ते डोळा किलकिला करतं, उजेडाकडे पाठ करतं, पलंगाखाली जाऊन बसतं. समोरून नीट बघा: दुखऱ्या डोळ्याच्या वरच्या पापणीचे केस खाली झुकलेले असतात, निरोगी बाजूचे बाहेर रोखलेले. पाणी येतं, आतल्या कोपऱ्यातून पांढरट तिसरी पापणी वर आलेली असते.

दुखऱ्या लहान बाहुलीची दोन मोठी कारणं आहेत. पहिलं, कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर झालेली जखम. भांडणातलं नख, हर्पीस विषाणू किंवा आत वळलेली पापणी यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. बारीक जखम नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. डॉक्टर फ्लुरोसिनची नारिंगी पट्टी ओली करून डोळ्याला लावतात. निळ्या दिव्याखाली जखम हिरवी चमकते. ही तपासणी स्वस्त आहे, मिनिटभरात होते. दुखऱ्या डोळ्यासाठी ती न करता कोणी ड्रॉप लिहून देत असेल तर बेधडक विचारा.

दुसरं कारण डोळ्याच्या आतली सूज, युव्हायटिस. आयरिसचा रंग मळतो किंवा तांबूस होतो, तिच्यावरचे बारीक तपशील पुसट होतात, डोळ्यातलं पाणी धूसर दिसतं. कधी तळाशी पांढरट साका किंवा रक्त साचतं. यामागे मार लागलेला असू शकतो, पण पुष्कळदा आजार अंगभर पसरलेला असतो: एफआयव्ही आणि फेलाइन ल्युकेमिया हे मांजरांचे विषाणू, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, किंवा एफआयपी हा मांजरांच्या कोरोनाविषाणूतून होणारा आजार. म्हणून डॉक्टर डोळ्यासाठी आलेल्या मांजराचं रक्त मागतात. तो उगाच वाढवलेला खर्च नव्हे. दोन वर्षांच्या आतलं मांजर, हटवादी ताप, वजनात घट आणि डोळ्यात सूज असं एकत्र आलं तर एफआयपीचा विचार तातडीने व्हायला हवा. पूर्वी त्यात मांजर हमखास जायचं. आता जीएस-४४१५२४ या औषधाने अनेक मांजरं बरी होतात, पण उशीर परवडत नाही.

डोळा दुखत नाही, तरी बाहुली लहान, वरची पापणी ओघळलेली, तिसरी पापणी वर आणि डोळा आत गेल्यासारखा? हे हॉर्नर सिंड्रोमचं चित्र आहे. बाहुली उघडण्याच्या त्या लांबच्या वाटेवर कुठेतरी अडथळा आला आहे. सगळ्यात आधी कान बघा: वास, पू, सारखं खाजवणं, मान एका बाजूला कलणं. तरुण मांजरांत मधल्या कानात मांसल गाठ म्हणजे पॉलिप असू शकतो. कान खोलवर धुतल्यानंतरही हॉर्नर होतो, म्हणून घरी इअरबड घालून कान कोरू नका आणि कानाचा पडदा शाबूत आहे हे कळल्याशिवाय थेंब ओतू नका. कान स्वच्छ असतील तर मानेला मार, पुढच्या पायाला बसलेला हिसका, छातीतली गाठ अशा क्रमाने शोध घ्यावा लागतो.

मोठी बाहुली आजारी असेल तर

मांजराचा काचबिंदू कुत्र्यासारखा लालभडक, ठणकणारा नसतो. बहुधा जुन्या आतल्या सुजेच्या मागोमाग तो चोरपावलांनी येतो. बाहुली मोठी, काच किंचित धुरकट, आणि हळूहळू डोळाच मोठा. मांजराला मांडीवर घेऊन डोक्यावरून खाली बघितलं की एक डोळा जास्त बाहेर आलेला समजतो. डोळ्याचा दाब टोनोमीटरने मोजतात. निरोगी मांजराचा तो साधारण १० ते २५ मिमी पारा असतो आणि दोन्ही डोळ्यांत जवळपास सारखा. दाब बरेच दिवस चढलेला राहिला की नजर जाते, ती परत येत नाही.

म्हाताऱ्या मांजरांत आयरिसचा स्नायू झिजतो. बाहुलीची कड कुरतडलेल्या कापडासारखी दिसते, टॉर्चला बाहुली दाद देत नाही. दुखत नाही, दिसत असतं, औषध लागत नाही. कडक उन्हात डोळे दिपतात एवढंच. पण हे निदान डॉक्टरांनी दाब मोजल्यानंतरचं आहे. घरबसल्या वयावर ढकलू नका.

औषधानेही बाहुली फाकते. तपासणीसाठी घातलेल्या ट्रॉपिकामाइडचा असर काही तासांत ओसरतो, अॅट्रोपिनचा कित्येक दिवस राहू शकतो. घरात कोणाचे अॅट्रोपिनचे थेंब असतील किंवा अंगणात धोतरा असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. धोतऱ्यात त्याच जातीचं द्रव्य असतं.

आणि डोक्याचा मार. मुंबई-पुण्यात बाल्कनीतून किंवा जाळी नसलेल्या खिडकीतून पडलेली मांजरं दवाखान्यांना नवी नाहीत. पडल्यानंतर बाहुल्या कमीजास्त असतील तर मांजर चालतंय म्हणून थांबू नका. सपाट फळीवर किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवं ठेवा, तोंडात पाणी घालू नका, मान दाबू नका, आणि निघा. वाटेत बाहुल्यांचा आकार बदलतोय का ते वेळेसह टिपून ठेवा. दोन्ही बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, किंवा दोन्ही फाकून स्थिर झाल्या, तर मेंदूची स्थिती गंभीर आहे.

अर्धवट किंवा वेडीवाकडी बाहुली

इंग्रजी डी अक्षरासारखी, म्हणजे एका बाजूने उघडी आणि दुसऱ्या बाजूने सरळ रेघ अशी बाहुली मांजरांतच ठळक दिसते. मांजराच्या आयरिसला हुकूम पोचवणारे छोटे मज्जातंतू दोनच असतात, एक नाकाकडच्या अर्ध्या भागासाठी आणि एक गालाकडच्या. त्यातला एक गेला की आयरिसचा अर्धा भाग लुळा पडतो. फेलाइन ल्युकेमिया आणि लिम्फोमा हा कर्करोग ही यामागची मोठी शंका, म्हणून ल्युकेमियाची चाचणी हवीच. बाहुलीची कड एखाद-दुसऱ्या जागी अडकून ओढल्यासारखी दिसत असेल तर जुन्या सुजेत आयरिस मागच्या भिंगाला चिकटली आहे.

दोन्ही बाहुल्या एकदम बिघडल्या तर

दहा वर्षांच्या पुढचं मांजर अचानक भिंतींना धडकू लागलं, दोन्ही बाहुल्या भर उजेडात फाकलेल्या, कदाचित डोळ्यात रक्त. हा रक्तदाब असण्याची शक्यता मोठी. चढलेल्या दाबाने डोळ्याचा मागचा पडदा सुटतो. मूळ बहुधा किडनीत किंवा थायरॉइडमध्ये असतं. मांजराचा वरचा दाब १६० च्या पुढे गेला तर उच्च रक्तदाब धरतात. १८० किंवा त्याहून जास्त असेल तर डोळे, मेंदू, हृदय, किडनी सगळ्यांनाच मोठा धोका. उपचार बहुधा अॅम्लोडिपिन. सुरुवातीचा डोस सहसा दिवसातून एकदा ०.६२५ मिग्रॅ, म्हणजे २.५ मिग्रॅच्या गोळीचा चतकोर, आणि तोही दाब मोजूनच. लगेच दाब उतरवला तर काही मांजरांचा पडदा परत बसतो आणि थोडीफार नजर येते. आठवडाभर वाट बघून गेलात तर ती आशा जवळजवळ संपते. सात वर्षांपुढच्या मांजराचा दाब वर्षातून एकदा मोजून घ्यावा. आपल्याकडे हे फार कमी दवाखान्यांत आपणहून केलं जातं, तेव्हा मागून घ्या.

नजर जाण्याची आणखी दोन कारणं घरातच घडतात. एक, एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक. दिवसाला किलोमागे ५ मिग्रॅच्या वर गेलं तर मांजराचा डोळ्यामागचा पडदा कायमचा जळू शकतो. कुत्र्यासाठी आणलेली गोळी अंदाजाने अर्धी करून देणं म्हणूनच घातक. दोन, टॉरिन या मांस-मासळीतून मिळणाऱ्या घटकाची कमतरता. दूध-पोळी, दूध-भात किंवा कुत्र्याचं खाद्य यावर वर्षानुवर्षं ठेवलेल्या मांजराला टॉरिन मिळत नाही. पडदा मधोमध झिजतो आणि हृदयाचा स्नायूही कमकुवत होतो. टॉरिन सुरू केल्यावर झीज थांबते, गेलेली नजर येत नाही. जास्त झालेल्या आयव्हरमेक्टिन या परजीवींवरच्या औषधानेही बाहुल्या फाकतात, मांजर झोकांड्या खातं.

उलट दोन्ही बाहुल्या अंधारातही फटीएवढ्या, तोंडाला लाळ, जुलाब, थरथर, धाप असं दिसलं तर गोचीड-पिसवांच्या पावडरीचं किंवा फवारणीच्या औषधाचं विष आठवा. डबा किंवा पाकीट सोबत न्या; त्यावरचं द्रव्याचं नाव वाचूनच डॉक्टर उतारा ठरवतात. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन हे गोचीड-पिसवांचं औषध मांजराला अजिबात लावू नये. त्यात बाहुल्यांपेक्षा झटके आणि थरथर ठळक असतात.

बाहुलीखेरीज काय काय दिसतं

आतल्या कोपऱ्यातलं सकाळचं सुकं, तांबूस-तपकिरी चिपड नॉर्मल आहे. पर्शियन मांजरांच्या चपट्या चेहऱ्यामुळे अश्रू गालावर ओघळतात. रोज पुसणं हाच त्यावरचा उपाय. दाट पिवळं-हिरवं चिपड म्हणजे संसर्ग. शिंका आणि दोन्ही डोळे येणं यात बहुधा हर्पीस असतो. तो एकदा लागला की नसांत दडून राहतो, आणि घर बदललं, नवं मांजर आलं, बोर्डिंगमध्ये ठेवलं की पुन्हा उसळतो. एका डोळ्यात सुरू होऊन काही दिवसांत दुसऱ्यात गेलेली, पापणीचं आतलं अस्तर गुलाबी फुगवणारी सूज क्लॅमिडिया या जिवाणूची असू शकते. त्याला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण चार आठवडे द्यावं लागतं. गोळी कोरडी देऊ नका. मागोमाग सिरिंजने ५ मिली पाणी किंवा थोडं ओलं खाणं द्या, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम होते आणि नळी आकसते.

पिल्लांचे डोळे जन्मानंतर ७ ते १४ दिवसांत उघडतात. मिटलेल्या पापण्यांखाली फुगवटा दिसला तर आत पू आहे. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस धरून मऊ करा, जबरदस्तीने ओढू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पू साचून राहिला तर आतली काच विरघळते.

दोन्ही तिसऱ्या पापण्या वर, मांजर खेळकर, पण शी पातळ? हा प्रकार बहुधा पोटाशी जोडलेला असतो आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. जंताची तपासणी तेवढी करून घ्या. एकाच डोळ्याची पापणी वर असेल तर मात्र दुखणं त्या डोळ्यातच शोधा.

काचेवर पडलेलं निळसर-पांढरं फूल ताज्या जखमेचं, सुजेचं किंवा वाढलेल्या दाबाचं असतं. काचेच्या मधोमध तपकिरी-काळा ठिपका, जणू माती चिकटली आहे असा, पर्शियन आणि हिमालयन मांजरांत जास्त. तो कॉर्नियाचा मेलेला तुकडा असतो. नखाने किंवा कापसाने काढायला जाऊ नका. सहसा शस्त्रक्रिया लागते. दहा वर्षांपुढे बाहुलीच्या आत निळसर झाक येते, तो दरवेळी मोतीबिंदू नसतो; भिंग वयाने घट्ट झालेलं असतं आणि नजर राहते. आयरिसवर नवे तपकिरी डाग आले तर दर महिन्याला त्याच उजेडात फोटो काढा. डाग पसरले, उठावदार झाले किंवा बाहुलीचा आकार बदलला तर मेलेनोमाची, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाची शंका घेऊन डोळ्यांच्या जाणकार डॉक्टरांकडे जा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून दवाखाने आहेत. तुमच्या डॉक्टरांकडे टोनोमीटर नसेल तर तिथे किंवा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात चौकशी करा.

किती घाई करायची

तासाभरात निघायचं: डोळा खोबणीबाहेर आलेला असेल (स्वच्छ सलाइनने भिजवलेलं कापड ठेवून ओला ठेवा, आत ढकलू नका), नजर अचानक गेली असेल, डोळ्यात रक्त असेल, काचेला भोक पडलेलं किंवा काटा रुतलेला असेल, पडल्यानंतर बाहुल्या कमीजास्त झाल्या असतील, चुना किंवा फिनेल डोळ्यात गेलं असेल.

त्याच दिवशी: मिटलेला किंवा दुखरा डोळा, नव्याने कमीजास्त झालेल्या बाहुल्या, फूल, हिरवं चिपड.

दुखणं नसलेले आणि हळूहळू वाढणारे डाग, म्हातारपणाची झाक यांना आठवडाभर चालतं.

घरी काय करायचं, काय नाही

चुना, फिनेल, रंगपंचमीचा रंग, फटाक्याची दारू डोळ्यात गेली तर आधी धुवा, मग निघा. ०.९ टक्के सलाइन किंवा साधं स्वच्छ पाणी, किमान १५ ते २० मिनिटं सतत. चुन्याचे कण पापणीआड राहिले तर काच जाळत राहतात, म्हणून पापणी खाली ओढून तिथेही धार सोडा.

औषधाच्या दुकानातून माणसांचे डोळे आल्यावरचे थेंब आणून घालू नका. त्यांतल्या अनेकांत प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं काही दिसलं तर ठेवून द्या. काचेवर जखम असताना स्टेरॉइड पडलं तर जखम खोल जाऊन काच फुटू शकते, आणि हर्पीस असेल तर तो भडकतो. गुलाबजल, मध, दूध, काजळ यांनी काही साधत नाही. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका, एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

चिपड पुसायला उकळून गार केलेलं पाणी आणि कापूस पुरे. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा, आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्याकडे. मांजर पंजाने डोळा चोळत असेल तर गळ्याभोवती बांधायचा कोन (पंजा डोळ्यापर्यंत पोचू न देणारी कॉलर) हवाच. डोळ्याची खरी नासधूस नखानेच होते.

थेंब घालताना मांजर टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर पाठमोरं घ्या. हनुवटी किंचित वर करा, बाटलीचा हात त्याच्या डोक्यावर टेकवा आणि मागून वरून एक थेंब सोडा, म्हणजे त्याला बाटली येताना दिसत नाही. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. एकच थेंब पुरतो, दुसऱ्याला डोळ्यात जागाच नसते. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडा. मलम सगळ्यात शेवटी, कारण त्याचा थर बसल्यावर वरून घातलेला थेंब आत पोचत नाही. अॅट्रोपिन घातल्यावर मांजराच्या तोंडाला फेस येतो; औषध नळीतून घशात उतरून कडू लागतं म्हणून ते होतं, झटका नव्हे. त्याच कारणाने डॉक्टर मांजरांना अॅट्रोपिनचं मलम देणं पसंत करतात.